तेरा जागांचं पॅनेल: न्यू यॉर्क, एप्रिल १८००

३१ मार्च १८०० रोजी न्यू यॉर्क शहरात एका खुनाचा खटला उभा राहिला. लेव्ही वीक्स नावाच्या तरुण सुतारावर आरोप होता की त्याने एल्मा सँड्स या मुलीला मारून विहिरीत टाकलं. आरोपीकडून तीन वकील उभे होते: अलेक्झांडर हॅमिल्टन, आरन बर आणि ब्रॉकहोल्स्ट लिव्हिंग्स्टन. खटला दोन दिवस चालला आणि ज्यूरीने काही मिनिटांत आरोपीला निर्दोष ठरवलं. महिना संपायच्या आत त्याच शहरात मतदान सुरू झालं, तेव्हा मात्र हॅमिल्टन एका बाजूला होता आणि बर व लिव्हिंग्स्टन दुसऱ्या. ज्या विहिरीत प्रेत सापडलं, ती विहीर बरच्या कंपनीची. कंपनी पाणीपुरवठ्याची होती, निदान कागदोपत्री. तिच्याकडे पुढे येऊच.

मतदान होतं न्यू यॉर्क राज्याच्या विधिमंडळासाठी, आणि सगळ्यांचे डोळे लागले होते खालच्या सभागृहातल्या, म्हणजे असेंब्लीतल्या, शहराच्या वाट्याच्या १३ जागांकडे. अमेरिकेचा अध्यक्ष त्यावर ठरणार होता. अध्यक्ष निवडायचे ते इलेक्टर मंडळींनी, आणि इलेक्टर कसे नेमायचे हे संविधानाने त्या त्या राज्याच्या विधिमंडळावर सोडलेलं. १८०० साली १६ राज्यांपैकी दहा राज्यांत विधिमंडळच इलेक्टर नेमत होतं. आपल्याकडे राज्यसभेची निवडणूक आली की आमदारांची डोकी मोजायला सुरुवात होते, तसाच प्रकार. न्यू यॉर्कमध्ये दोन्ही सभागृहं एकत्र बसत. दोन्हींची बेरीज करून ज्या पक्षाकडे बहुमत, त्याच्या खिशात राज्याचे सगळे १२ इलेक्टर.

या १२ मतांचं वजन १७९६ मध्ये दिसलं होतं. त्या वर्षी जॉन अ‍ॅडम्सला ७१ मतं पडली, थॉमस जेफरसनला ६८. न्यू यॉर्कची बाराच्या बारा अ‍ॅडम्सला होती. म्हणजे पुढच्या खेपेला बाकी काही हललं नाही आणि फक्त हे राज्य फिरलं, तरी निकाल फिरणार. राज्याच्या ग्रामीण भागात अ‍ॅडम्सचे फेडरलिस्ट आणि जेफरसनचे रिपब्लिकन (आजच्या रिपब्लिकन पक्षाशी यांचा संबंध नाही; हॅमिल्टन फेडरलिस्टांचा पुढारी, बर आणि लिव्हिंग्स्टन रिपब्लिकन) यांची ताकद अशी तोलून होती की पारडं झुकवायचं काम शहराकडे आलं. जेफरसनने मार्चमध्येच आपला सहकारी जेम्स मॅडिसन याला लिहिलं होतं की न्यू यॉर्क शहर आपल्याकडे आलं तर देशही आपल्याकडे येईल. त्या एका शहराची लोकसंख्या तेव्हा साठ हजारांच्या घरात, आणि वॉर्ड सात.

आता शहराच्या या १३ जागा वॉर्डवार वाटलेल्या नव्हत्या. संपूर्ण शहर हा एकच मतदारसंघ आणि प्रत्येक मतदाराला तेरा नावं द्यायची मुभा. पतसंस्थेच्या किंवा साखर कारखान्याच्या निवडणुकीत ज्याने कधी पॅनेल टाकलं आहे, त्याला पुढचं समजावून सांगायला नको. काही शे मतांची आघाडी मिळाली की पॅनेलच्या पॅनेल निवडून येतं आणि समोरच्याचे तेराही पडतात. मधलं काही उरत नाही.

मतदार कोण, हाही प्रश्न महत्त्वाचा. राज्याच्या १७७७ च्या संविधानात गव्हर्नर आणि सिनेट यांच्यासाठी मत द्यायचं तर १०० पौंडांची जमीनजागा स्वतःच्या मालकीची लागे. असेंब्लीसाठी मात्र २० पौंडांची मालमत्ता पुरे, आणि तीही नसेल तर वर्षाला ४० शिलिंग भाड्याची जागा व कर भरल्याची नोंद एवढ्यावर भागत होतं. त्यामुळे गोदीवरचे कारागीर, गाडीवान, भाड्याच्या खोलीत दुकान थाटलेले चांभार-शिंपी यांच्यातला बराच वर्ग गव्हर्नर निवडू शकत नव्हता, पण असेंब्ली निवडू शकत होता. बायकांना मत नव्हतं. हडसन नदीपलीकडे न्यू जर्सीत मालमत्ता असलेल्या अविवाहित आणि विधवा स्त्रिया तेव्हा मतदान करत. त्यांचा तो हक्क १८०७ मध्ये काढून घेतला गेला. न्यू यॉर्कमध्ये हा विषयच निघाला नाही. गरीब मतदार मुख्यतः सहाव्या आणि सातव्या वॉर्डांत राहत होता, आणि निवडणुकीचा सगळा खेळ शेवटी तिथेच झाला.

पाण्याच्या नावाने बँक

वर्षभर आधी, एप्रिल १७९९ मध्ये, याच शहरात रिपब्लिकन सपाटून हरले होते. त्याचं एक कारण बर स्वतः. १७९८ च्या पिवळ्या तापाने शहरात दोन हजारांहून अधिक माणसं मेली. विहिरींचं पाणी घाण होतं हे सगळ्यांना दिसत होतं. बरने विधिमंडळातून मॅनहॅटन कंपनीची सनद मिळवली: शहराला शुद्ध पाणी द्यायचं, भांडवल २० लाख डॉलर. त्यासाठी हॅमिल्टनसारख्या विरोधकालाही त्याने आधी बरोबर घेतलं होतं. सनदेत शेवटाकडे एक निरुपद्रवी दिसणारं कलम होतं, की उरलेलं भांडवल कंपनी कायद्यात बसेल अशा कुठल्याही व्यवहारात गुंतवू शकते. त्या कलमाच्या जोरावर सप्टेंबर १७९९ मध्ये वॉल स्ट्रीटवर बँक उघडली. पाणीही दिलं, पोकळ केलेल्या लाकडी ओंडक्यांच्या नळांतून, जेमतेम. बँक मात्र टिकली. आजच्या जेपी मॉर्गन चेसची एक मुळी तिथपर्यंत जाते.

बँक उघडायच्या आधीच, सनदेतली ही चलाखी मतदारांना रुचली नव्हती, आणि एप्रिल १७९९ मध्ये त्यांनी ते मतपेटीतून सांगितलं. तरीही बँकेचा फायदा झालाच. तोवर शहरात दोनच बँका होत्या, हॅमिल्टनच्या पुढाकाराने निघालेली बँक ऑफ न्यू यॉर्क आणि राष्ट्रीय बँकेची शाखा. दोन्ही फेडरलिस्टांच्या हातात. रिपब्लिकन दुकानदाराला कर्ज हवं तर त्याने राजकारण घरी ठेवून यायचं, अशी समजूत बाजारात होती. तिसरी बँक आल्यावर ती भीती कमी झाली. हा मुद्दा पुष्कळजण या निवडणुकीचं सर्वांत मोठं कारण म्हणून सांगतात. मला तो थोडा फुगवलेला वाटतो. गाडीवानाला बँकेचं कर्ज मिळत नव्हतंच. त्याचा परवाना महापौराच्या हातात होता, आणि महापौर रिचर्ड व्हॅरिक फेडरलिस्टच होता. तरीही गरीब वॉर्डांतली मतं फिरली. त्याचं कारण बँकेपेक्षा नवे कर, वाढवलेलं सैन्य आणि १७९८ चे परकीय व राजद्रोहविरोधी कायदे यांत शोधायला हवं. आयर्लंडहून आलेल्या माणसाला नागरिकत्वासाठी १४ वर्षं थांबायला सांगणारा पक्ष आपला वाटेल कसा?

आधी कोण उघडतो

बरने १८०० साली दोन गोष्टी केल्या. स्वतः शहरातून उभा राहिला नाही. ऑरेंज काउंटीतून उमेदवारी घेतली. पाण्याच्या कंपनीचा डाग पॅनेलवर नको आणि प्रचाराला हात मोकळे हवेत. दुसरं म्हणजे, फेडरलिस्टांची यादी बाहेर पडेपर्यंत आपली यादी छातीशी धरून ठेवली.

हॅमिल्टनची यादी आली. किराणा दुकानदार, जहाजाचं सामान विकणारा, गवंडी, कुंभारकाम करणारा असे, शहराबाहेर कुणी ओळखणार नाही असे लोक. हॅमिल्टनने असं का केलं याची दोन उत्तरं दिली जातात. एक, मोठी माणसं असेंब्लीसारख्या ‘खालच्या’ सभागृहासाठी उभी राहायला तयार नव्हती. दोन, त्याला सांगितल्या इलेक्टरला हात वर करणारी माणसं हवी होती, कारण त्याचं अ‍ॅडम्सशी बिनसलेलं होतं आणि अध्यक्षपदासाठी मनात दक्षिणेतला चार्ल्स कोट्सवर्थ पिंकनी होता. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. एक गोष्ट मात्र गमतीची: कारागिरांच्या शहरात कारागीर उभे केले श्रीमंतांच्या पक्षाने, आणि कारागिरांनी मतं दिली समोरच्या बड्या नावांना.

बड्या नावांची मोट बांधणं सोपं नव्हतं. रिपब्लिकनांत तीन गट: क्लिंटन घराण्याचा, लिव्हिंग्स्टन घराण्याचा आणि बरचा स्वतःचा. बरला यादीच्या डोक्यावर हवा होता जॉर्ज क्लिंटन, १८ वर्षं गव्हर्नर राहिलेला, आता साठीत, तब्येतीने खचलेला, १७९५ मध्ये राजकारण सोडून घरी बसलेला. त्याच्यानंतर हवा होता साराटोगाच्या लढाईचा सेनापती होरेशिओ गेट्स, सत्तरी ओलांडलेला. तिसरा ब्रॉकहोल्स्ट लिव्हिंग्स्टन, खटल्यातला तोच वकील. लिव्हिंग्स्टन म्हणाला, क्लिंटन आणि गेट्स उभे राहणार असतील तर मी. गेट्स क्लिंटनकडे बोट दाखवून मोकळा. क्लिंटन तर कुणाच्याच नावावर येईना. बर आणि त्याची माणसं वारंवार त्याच्याकडे गेली. शेवटी तोडगा निघाला तो अस्सल राजकारणी: क्लिंटनने ‘हो’ म्हणायचं नाही, प्रचाराला यायचं नाही, फक्त नाव छापलं तर ते जाहीरपणे नाकारायचं नाही. एवढ्यावर गेट्स आला आणि गेट्स आल्यावर लिव्हिंग्स्टन. त्यांच्या खाली संविधान लागू झाल्यानंतरचा पहिला पोस्टमास्टर जनरल सॅम्युअल ऑस्गुड, हेन्री रटगर्स, जॉन ब्रूम, जॉन स्वॉर्टवाउट वगैरे मंडळी. यादी जाहीर झाली तेव्हा फेडरलिस्टांची बाहेर पडून गेलेली होती. बदलायची सोय राहिली नव्हती.

मतदार यादी आणि गाद्या

पुढचं काम नावांचं नव्हतं, पायांचं होतं. बरच्या माणसांनी शहरातल्या मतदारांची वॉर्डवार यादी केली आणि प्रत्येक नावापुढे टिपण: याचा कल कुठे, स्वभाव कसा, तब्येत कशी, याला मतदानाच्या जागेपर्यंत आणायला काय लागेल. जर्मन वस्तीत जर्मन बोलणारे कार्यकर्ते पाठवले. आज हे वाचताना कुणालाही यात नवीन काही वाटणार नाही. १८०० मध्ये मात्र ‘सद्गृहस्थ निवडणुकीला उभा राहतो, मतं मागत फिरत नाही’ हा शिष्टाचार होता, आणि तो मोडल्याबद्दल फेडरलिस्ट वर्तमानपत्रांनी बरची टर उडवली. अशा मोठ्या माणसाने गल्लीबोळांत फिरावं, हे त्यांना लाजिरवाणं वाटलं.

वर्गणीची यादीही होती: कुणाकडून किती मागायचे. तिच्याबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. एक कार्यकर्ता पक्षासाठी राबणारा पण चिक्कू. त्याच्या नावापुढे समितीने १०० डॉलर लिहिले होते. बर म्हणाला, नाव खोडा. पैसे मागितलेत तर पैसेही मिळणार नाहीत आणि मतदानादिवशी माणूसही दिसणार नाही. दुसरा सढळ हाताचा पण आळशी. त्याच्यापुढचा आकडा बरने दुप्पट करायला सांगितला, आणि निरोप द्यायला सांगितला की तुमच्याकडून कामाची अपेक्षा नाही. गोष्ट शब्दशः खरी असो वा नसो, ज्याने गणपती मंडळाची वर्गणी काढली आहे त्याला ती पटेल.

बरचं घर दिवसरात्र उघडं होतं. खाणंपिणं चालू, आणि ज्यांना घरी जायला सवड नाही त्यांना पाठ टेकायला जमिनीवर गाद्या.

मतदान तीन दिवस चाललं, मंगळवार २९ एप्रिल ते गुरुवार १ मे. वॉर्डावॉर्डांत मतपत्रिकांचं मतदान. हॅमिल्टन घोड्यावरून एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात फिरत भाषणं करत होता. तोही काही स्वस्थ बसणारा नव्हता. दोघं अनेकदा समोरासमोर आले आणि त्यांनी गर्दीपुढे आळीपाळीने आपापली बाजू मांडली. ऐकणाऱ्यांनी लिहून ठेवलंय की दोघंही एकमेकांशी अदबीने वागले. शेवटच्या दिवशी बर सातव्या वॉर्डात सलग दहा तास उभा होता. सूर्यास्ताला मतदान संपलं, आणि मध्यरात्रीच्या सुमारास त्याचा सहकारी मॅथ्यू डेव्हिस याने तेव्हाच्या राजधानीत, फिलाडेल्फियाला, रिपब्लिकन खासदार अल्बर्ट गॅलाटिनला निकाल कळवला. तेराच्या तेरा जागा. सरासरी फरक पाचशेच्या आत. ऑरेंज काउंटीतून बरही निवडून आला.

साठ हजारांच्या शहरात पाचशेहून कमी मतं, आणि त्यावर इलेक्टर १२. दहा दिवसांत फिलाडेल्फियातल्या रिपब्लिकन खासदारांनी उपाध्यक्षपदासाठी बरचं नाव पक्कं केलं.

७ मे चं पत्र

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा मतदानात नाही, त्यानंतरच्या आठवड्यात आहे.

नवं विधिमंडळ १ जुलैपासून अधिकारावर येणार होतं. तोवर जुनं, फेडरलिस्ट बहुमताचं विधिमंडळ कायद्याने जिवंत होतं. ७ मे रोजी हॅमिल्टनने गव्हर्नर जॉन जे याला पत्र लिहिलं: जुन्या विधिमंडळाचं खास अधिवेशन ताबडतोब बोलवा आणि कायदा बदलून घ्या, म्हणजे इलेक्टर विधिमंडळ नेमणार नाही, मतदार जिल्ह्याजिल्ह्यांतून थेट निवडतील. तसं झालं असतं तर १२ पैकी निदान काही इलेक्टर फेडरलिस्टांना नक्की मिळाले असते. अशा काळात फार काटेकोर राहून चालणार नाही, असं त्याने बजावलं. धर्माच्या बाबतीत नास्तिक आणि राजकारणात माथेफिरू अशा माणसाच्या, म्हणजे जेफरसनच्या, हाती सुकाणू जाऊ द्यायचं नाही, हा त्याचा युक्तिवाद होता. हॅमिल्टनचे सासरे फिलिप स्कायलर यांनीही जेला तसंच लिहिलं.

या सूचनेत बेकायदा काही नव्हतं. इलेक्टर कसे नेमायचे हे ठरवायचा हक्क विधिमंडळाचा, आणि जुनं विधिमंडळ अजून विधिमंडळच होतं. इतकंच नाही, सूचना मुळात चांगलीही होती. मतदारांनी जिल्हावार इलेक्टर निवडावेत ही पद्धत, पाचशे मतांवर सगळे १२ इलेक्टर एका पक्षाला देणाऱ्या पद्धतीपेक्षा कितीतरी न्याय्य. आणि त्याच वर्षी निवडणुकीआधी याच विधिमंडळात नेमका हाच प्रस्ताव आला होता. तो आणला होता रिपब्लिकनांनी. फेडरलिस्टांनी तो हाणून पाडला, कारण तेव्हा त्यांना खात्री होती की शहर आपलंच आहे आणि बाराही आपले.

म्हणजे मार्चमध्ये जिल्हा पद्धत रिपब्लिकनांना हवी होती, मेमध्ये हॅमिल्टनला. हे फक्त न्यू यॉर्कमध्ये चाललं नव्हतं. जेफरसनच्या व्हर्जिनियाने त्याच वर्षी जिल्हे मोडून सगळ्या राज्याची एकच यादी केली, म्हणजे एखाददुसरा इलेक्टर अ‍ॅडम्सकडे सटकायला नको. अ‍ॅडम्सच्या मॅसॅच्युसेट्सने लोकांकडून निवड काढून विधिमंडळाकडे घेतली, तेवढ्याच कारणासाठी. जिथे ज्याचं बहुमत, तिथे त्याने त्याच्या सोयीचं केलं. हॅमिल्टनला वेगळं काढून दोष द्यायचा तर एवढाच, की बाकीच्यांनी निवडणुकीआधी नियम बदलले आणि त्याने मतं मोजून झाल्यावर बदलायला सांगितले. माझ्या दृष्टीने हा ‘एवढाच’ फार मोठा आहे. शहराने मत दिलं तेव्हा या तेरा जणांकडून पुढे काय होणार हे मतदाराला ठाऊक होतं. वर्तमानपत्रं, सभा, दोन्ही पक्ष तेच सांगत होते. ते मत पडून गेल्यावर त्याचा अर्थ बदलायचा होता.

जॉन जे फेडरलिस्ट होता, देशाचा पहिला सरन्यायाधीश, हॅमिल्टनचा जुना स्नेही. १७९२ मध्ये गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत तो क्लिंटनकडून १०८ मतांनी हरला होता, आणि तेही तपासणी समितीने तीन काउंट्यांच्या मतपत्रिका तांत्रिक कारणावरून बाद केल्यामुळे. ती बाद करणं योग्य आहे असा सल्ला देणाऱ्यांत सिनेटर आरन बर होता. म्हणजे या मंडळींना धडा शिकवायची इच्छा कुणाला असायला हवी होती तर ती जेला. त्याने हॅमिल्टनला उत्तर पाठवलं नाही. पत्राच्या पाठीवर एक ओळ लिहिली, की यात पक्षाच्या हितासाठी असं पाऊल सुचवलं आहे जे उचलणं मला शोभणार नाही, आणि पत्र कागदांत ठेवून दिलं.

बेरीज

नोव्हेंबरमध्ये न्यू यॉर्कचे १२ इलेक्टर रिपब्लिकन निघाले. शेवटचा हिशेब असा: जेफरसन ७३, बर ७३, अ‍ॅडम्स ६५, पिंकनी ६४. बारा इकडून तिकडे केले तर अ‍ॅडम्स ७७, जेफरसन ६१. तरीही ‘न्यू यॉर्कने अध्यक्ष निवडला’ हे वाक्य जपून वापरावं. दक्षिण कॅरोलायनाच्या विधिमंडळाने डिसेंबरात आपली आठ मतं दुसरीकडे दिली असती तरी अ‍ॅडम्सच जिंकला असता. आणि दक्षिणेकडे इलेक्टर जास्त होते ते गुलामांची लोकसंख्या तीन-पंचमांश हिशेबात धरल्यामुळे. ज्यांना मत नव्हतं त्यांची डोकी जेफरसनच्या पारड्यात होती. ती काढली तर न्यू यॉर्क जिंकूनही तो हरला असता, असं बऱ्याच अभ्यासकांचं गणित आहे.

बरच्या शिस्तीचा फटका मात्र त्याच्या पक्षालाच बसला. तेव्हा प्रत्येक इलेक्टर दोन मतं देई आणि अध्यक्ष-उपाध्यक्ष असा भेद मतपत्रिकेवर नसे. एकाने तरी बरला वगळून दुसरं मत भलत्याला द्यायला हवं होतं, म्हणजे जेफरसन एका मताने पुढे राहिला असता. ७३ पैकी एकानेही ते केलं नाही. बरोबरी झाली, प्रकरण प्रतिनिधीगृहात गेलं आणि फेब्रुवारी १८०१ मध्ये ३६ फेऱ्यांनंतर जेफरसन अध्यक्ष झाला. १८०४ च्या बाराव्या घटनादुरुस्तीने ही दोन मतांची पद्धत बंद केली.

हरलेल्या फेडरलिस्टांनी ती खबरदारी घेतली होती. ऱ्होड आयलंडच्या एका इलेक्टरने पिंकनीचं मत वळवून तिसऱ्याच माणसाला दिलं. अ‍ॅडम्स ६५, पिंकनी ६४ हा एका मताचा फरक त्यामुळेच. ते एक मत जॉन जेच्या नावावर नोंदलेलं आहे.